दहा मिनिटं पुरेत

एकतीस वर्षं बुचीच्या दवाखान्यात बाळंतपणं केली.
इमारत पाडताना जन्माच्या वह्या जाळायला निघाले होते,
मी त्या हातगाडीवर घालून घरी आणल्या.
भाची चिशिंबाने पान न् पान स्कॅन केलं
आणि शिवणयंत्राशेजारी
कुठल्याशा ऑफिसातला जुना संगणक बसवून दिला.
हा सर्व्हर, म्हणाली. याला झोपू द्यायचं नाही.

पण करिबाचं पाणी उतरलेलं.
किटवेत वीज आता उठून जाते
पान अर्ध्यावर टाकून, कुणाला न सांगता.
एकदा गेली ती फाइल लिहिली जात असतानाच,
आणि सत्त्याऐंशीचा अख्खा मार्च
डिस्कच्या पोटात आडवा अडकला.

मग चिसोकोने बाजार. लुकोंडे म्हणाला, बाराशेचा घ्या.
मी डबा उलटा केला.
पुढे ठळक बाराशे व्हीए,
मागे मुंगीच्या पायाएवढं: सहाशे पन्नास वॅट.
बाळाचं वजन मी कधी दुपट्यासकट लिहिलं नाही.
तारीख दाखव म्हटलं. तीन वर्षं फडताळावर पडलेली,
काम न करताच म्हातारी झालेली बॅटरी.
दुसरी काढली, यंदाच्या फेब्रुवारीतली.
लिथियमचीही होती, दहा वर्षं टिकेल म्हणे.
दहा वर्षांनी मी एक्क्याऐंशीची.
पैसे मोजले, शिशाचीच घेतली.

घरी मीटर लावला: संगणक एकेचाळीस,
दोन डिस्का बारा, राउटर नऊ.
बासष्ट वॅट. तासभर चालेल, चिशिंबा फोनवर म्हणाली.
अंधार आठ तासांचा असतो, पोरी.
हसली. आत्या, ही अंधार ओलांडायला नाहीच.
दार नीट ओढून घ्यायला आहे.
दहा मिनिटं पुरेत.

हे मात्र मला लगेच उमगलं.
नाळ आधी बांधायची, मग कापायची.

सोळा तास चार्ज होऊ दिली.
यूएसबीची तार जोडली. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले:
पाच मिनिटं वाट बघ,
हातातलं लिहून संपव,
मग बंद हो.
आणि स्वतःच्या हाताने भिंतीतला प्लग उपटला.
डबा ओरडला. सर्व्हर चालू. राउटर मेला!
सहा भोकांतली तीनच बॅटरीची होती,
बाकीची नुसती शोभेची,
आणि मी चष्मा न लावता तार खुपसलेली.
दुसऱ्यांदा नीट. पाच मिनिटं,
मग पंखा हळू, आणखी हळू. गप्प.

त्या शुक्रवारी खरीच गेली.
मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.
सर्व्हर आपापला निजला,
डब्यात अजून ब्याण्णव टक्के,
आणि दारात समोरचा न्हावी चोम्बा, हातात मुकं मशीन.
त्याच्या पत्र्याच्या दुकानात विक्लिफ कापासा,
दोन वाजता सासरी लग्नाची बोलणी,
डोकं डावीकडे चकचकीत, उजवीकडे रान.

किती वॅटचं आहे रे?
दहा.
अकरा किलोचा डबा आम्ही दोघांनी धरून नेला.

मशीन गुणगुणू लागलं. डबा मध्येच टुक् करायचा,
ठोके मोजल्यासारखा.
मी बघत राहिले त्या डोक्याकडे,
अर्धं बाहेर, अर्धं अजून आतच.
जन्म कधीचा तुझा?
आई सांगते, कोवळी कणसं निघाली होती.
म्हणजे मार्च. मग काळजी नको,
एक मार्च मी दोनदा स्कॅन केलाय.
उद्या ये, वीज असेल तेव्हा.

चोम्बाने भाडं म्हणून दोन अंडी दिली.
डब्याच्या पाठीवर ठेवून आणली परत.
एकही फुटलं नाही.