काच पुसायचं फडकं

सातपूरला, पपया नर्सरीच्या पुढे, दुसऱ्या गल्लीत
आमच्या शेडमध्ये नारळ फुटला.
तपासणीचा कॅमेरा आला होता.
खैरनार साहेबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं,
कुंकवाचं बोट चुकून काचेलाच लागलं
आणि पहिले चाळीस नग
यंत्राने नापास केले.

पुण्याहून आलेला निनाद नावाचा मुलगा म्हणाला,
मावशी, पाच वर्षांत जग ओळखू येणार नाही.
मी म्हटलं, बाळा, चष्मा लावून बघू.

सव्वीस वर्षं मी स्विचच्या काळ्या घरांवर
केसाएवढी चीर शोधते आहे.
ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं,
अंगठ्याने कड चाचपायची,
मग कानाशी नेऊन एक टिचकी.
टिचकीत काय ऐकता, निनादने विचारलं.
ते सांगता आलं असतं
तर यमुना गांगुर्डेला शिकवायला
मला दोन वर्षं लागली नसती.

भविष्याची भीती वाटत नाही असं नाही.
पण मी नाशिकची आहे.
इथे दर बारा वर्षांनी शहर बदलणारच असतं.
कुंभाच्या आधी नकाशे येतात, रंग येतो,
रस्ते रुंद होतात, टपऱ्या मागे सरकतात.
मग तपोवनातले तंबू उठतात,
आणि टपऱ्या रोज वीतभर
पुढे येत येत
आपल्या जागी उभ्या राहतात.

शेडमध्येही असे मेळे होऊन गेले.
जपानी शब्दांच्या पाट्या लागल्या,
जमिनीवर पिवळे पट्टे आखले,
हजेरीच्या कार्डाजागी अंगठा आला,
अंगठ्याजागी चेहरा.
पगाराच्या तारखेने तेवढा चेहरा बदलला नाही.

खोटं कशाला बोलू, पण
माझे थोरले दीर अंबडला ट्रेसर होते.
श्वास रोखून रेघ ओढायचे.
संगणक आला तेव्हा तेही असेच हसले होते.
पुढे गंगापूर रोडला एका सोसायटीच्या गेटवर
वहीत गाड्यांचे नंबर लिहायचे.
काय ते आकडे!
चेअरमनला जुनी वही रद्दीत टाकवत नसे.
म्हणून मी हसते ती बेतानेच.

आता तीन महिने झाले.
पत्रकात छापलंय, तपासणी पूर्ण स्वयंचलित.
होतं असं की भुकटी उडते,
दर वीस मिनिटांनी काच धुरकटते
आणि यमुना फडक्याने ती पुसते.
कॅमेऱ्याला ज्याची शंका येते तो माल
लाल क्रेटमधून माझ्या टेबलावर येतो.
पूर्वी दिवसाला दोन क्रेट शंका असायची,
आता अकरा.
मी टिचकी मारून जे ठरवते
ते निनाद रात्री त्याला शिकवतो.
त्याचं नाव बुद्धिमत्ता.
माझं नाव हेल्पर, ग्रेड दोन.

दोन कंत्राटी मुलींना सोमवारपासून बोलावलं नाही.
यंत्र आलं ना, साहेब म्हणाले, आमच्या हातात काय.
मी त्यांच्या जागेवर जाऊन बघितलं.
तिथे यंत्र नव्हतं.
तिथे यमुना होती,
खांद्यावर फडकं,
दोघींचा माल पुढ्यात.

निनाद कालही म्हणाला, पाच वर्षं.
मुलगा चांगला आहे, डबा माझ्याबरोबर खातो,
त्याचीही नोकरी अकरा महिन्यांची आहे
हे त्याने भाजी वाढून घेताना सांगितलं.

काचेच्या कोपऱ्यात, खाचेत,
ते कुंकू अजून आहे.
यमुना रोज पुसते, निघत नाही.
पण आता कॅमेरा त्याला चीर समजत नाही.
तेवढं मी त्याला शिकवलंय.