औषधाला नाही

सूरच्या सरकारी इस्पितळात, खिडकी नंबर तीन.
योजनेची चावी माझ्याकडे असते,
म्हणजे खरोखरची चावी, पितळी, निळ्या दोऱ्यातली,
आणि एक रजिस्टर, जे उजवीकडून सुरू होतं.
पहिलं वर्षभर मी ते उलटंच उघडायची.

इथे फुकटला 'बलाश' म्हणतात.
आमच्या कराडला फुकटाकडे लोक
आधी संशयानं बघतात, मग पिशवी उघडतात.
इथेही तेच.
उम्म खल्फान गोळ्यांची पट्टी उन्हात धरून विचारते,
बाहेर पैसे देऊन मिळते, तीच का ही?
तीच, आई.
मग शेजारणीसाठी अजून एक दे.
नाही देत.
हे दोन शब्द रांगेसमोर नीट म्हणता यावेत
म्हणून मी अरबी शिकले, आणि थोडी बंगाली.

ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांना पिवळी चिठ्ठी,
तिच्यावर तीन सह्या.
गुरुवारी दोननंतर तिन्ही सह्या घरी जातात
आणि आजार रविवारपर्यंत बाकावर बसून राहतात.

लहानपणी मला वाटायचं,
औषध म्हणजे जगातलं सगळ्यात छोटं माप असणार.
तेल औषधाला नाही. सुटे औषधाला नाहीत.
आता महिन्याच्या पंचवीस तारखेला
औषधच औषधाला नसतं,
तेव्हा ते कुठल्या रकान्यात लिहायचं
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आनिसूर होड्यांच्या कारखान्यात रंधा मारतो.
इन्सुलिनची बाटली घेऊन तो खिडकीशीच थांबला.
थंड ठेवा, मी म्हणाले.
कुठे? तो म्हणाला.
खोलीत नऊ माणसं, एक पंखा, बाहेर सेहेचाळीस.
योजनेत बाटली आहे, सुई आहे, कापूससुद्धा आहे.
फ्रीज नाही.

म्हणून लसींच्या खालच्या कप्प्यात
मी त्याची बाटली ठेवली, चिकटपट्टीवर नाव लिहून.
कामाच्या आधी एकदा येतो, नंतर एकदा.
मग त्यानं फोरकानला सांगितलं, फोरकाननं अजून कुणाला.
जूनपर्यंत सात झाल्या.

तपासनीस हिलाल आला त्या दिवशी
रजिस्टरात इन्सुलिन शिल्लक शून्य होतं.
त्यानं फ्रीज उघडला.
सात बाटल्या, सात नावं,
दोन माझ्या वेड्यावाकड्या बंगालीत.
थंड वाफ त्याच्या चष्म्यावर बसली,
तो चष्मा पुसत बराच वेळ उभा राहिला.
मी सगळी उत्तरं अरबीत जुळवून ठेवली होती
आणि एकही आठवेना.
त्यानं फक्त काटा वाचला,
लिहिलं: चार अंश. ठीक.
दार इतकं हळू लावलं
की आत काहीच हललं नाही.

हे सांगून मी थांबायला हवं होतं.

पण आनिसूर आलेला नाही.
मुकादम म्हणतो, दुसऱ्या कामावर पाठवला, दुक्मला.
फोरकान म्हणतो, घरी गेला.
तिसरा कुणी काही म्हणत नाही, बुटांकडे बघतो.

उघडलेली बाटली अठ्ठावीस दिवस चालते,
मग टाकायची, टाकल्याची सही करायची.
रोज सकाळी दार उघडते, काटा बघते, चार अंश,
आणि त्याच्या नावाखालचा
पाऱ्यासारखा थांबलेला अर्धा घोट.

आज सत्ताविसावा दिवस.