भिजत घातलेली काडतुसं

तुल्चाच्या धक्क्यावर माझं दुकान आहे:
गळ, जाळी, रबरी बूट, काडतुसं.
थंडी पडू लागली की लोक येतात,
ओल्या टोप्या काउंटरवर ठेवतात आणि विचारतात,
होडी कलंडली, बंदूक पाण्यात गेली,
आता उडेल का?

मी सांगते, आधी मोडून उघडा,
नळी जमिनीकडे धरा, गळू द्या.
घोटभर पाणी आत राहिलं
तर नळीच फाटते, कांद्याच्या पातीसारखी.
पितळी असेल, तोंडाशी लाख दिलेलं, तर पुसून वाळवा.
कागदी असेल तर विसरा.
प्लास्टिकचं बहुतेक उडतं.

'बहुतेक' म्हणताना मी थांबते.
गिऱ्हाइकाला वाटतं, किंमत आठवतेय.

मी नऊ वर्षांची होते.
सोफ्रोनने आमच्या जाळ्यांच्या हद्दीत
आपले खुंट ठोकले होते.
दोन वर्षं ते भिजत घोंगडं
चर्चच्या पायरीवर, लग्नांत, मयतांत.
त्या रात्री वडील दाढीतून बोटं फिरवत म्हणाले,
"उद्या मिटवतो."
आणि झोपले.
त्यांना झोप लागली, याचीच आईला भीती वाटली.

ती उठली. डबा काढला. सोळा काडतुसं.
खारवलेल्या हेरिंगचं पिंप उघडून
राजमा भिजत घालावा तशी
एकेक आत सोडली.
चुलीवरच्या बिछान्यातून मी बघत होते.
तिने ओठांवर बोट ठेवलं नाही,
नुसतं माझ्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे,
जणू दोघींनी मिळूनच केलं.
पहाटे काढून, पुसून, परत डब्यात.
माशांचा वास राहिला.
आमच्या घरात कशाला नव्हता तो?

वडील अंधारातच गेले. कालव्यावर धुकं.
आई पावाचं पीठ मळत राहिली.
पहिला बार झाला
तेव्हा तिचे हात पिठात थांबले.
दुसरा.
मग बोरूच्या बनातून बराच वेळ पंखांचा फडफडाट,
आणि तो विरल्यावर, अगदी सावकाश,
तिसरा.

बारा कागदी होती, ती फुगली.
चार प्लास्टिकची.
तिला फरक माहीत नव्हता.
बंदुकीला हात लावायचा नाही, एवढंच तिला शिकवलं होतं.

नऊला ते आले. टेबलावर दोन चांदवे टाकले.
खिशातून कागदी काडतुसं काढून
चुलीच्या काठावर ओळीने मांडली.
"सूज आलीय यांना," म्हणाले.
एक उचलून हुंगलं.
आईकडे पाहिलं नाही.
पाणी तापव म्हणाले, पिसं काढायचीत.

दोन पक्षी, तीन बार.
नेम चुकतो माणसाचा.
फेरापोंतचा चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

रविवारी सोफ्रोन चर्चमध्ये होता, धडधाकट,
नेहमीसारखा सगळ्यांच्या वर आवाज लावून.
बाहेर त्याच्या होडीच्या नाळेवर
ताज्या डांबराचं ठिगळ होतं, तळहाताएवढं.
खुंट गेले होते. कुणी उपटले, कुणी विचारलं नाही.
आई त्या डांबराशी इतका वेळ उभी राहिली
की मी तिची बाही ओढली.

परवा मंगळवारी एक बाई आली.
टोपी नाही, चिखल नाही, शिकारी घरातली असावी
पण शिकारीची नव्हे.
काचेखालच्या डब्यांकडे बघत तिने विचारलं,
ही पाण्यात ठेवली तर
किती वेळात निकामी होतात?

इतक्या वर्षांत हा प्रश्न
या बाजूने कुणी विचारला नव्हता.
मी म्हटलं, पाण्याच्या भरवशावर राहू नका.
मग दाराला आतून कडी घातली
आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं.