चार बाळं आणि एक वार

जाताना दोन बस, येताना दोन.
वर्षभराचं भाडं मी पाळ्यांच्या तक्त्यामागे मांडलं
आणि गुणाकार बघून पेन्सिलच खाली ठेवली.
त्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुबिया,
बावीस वर्षं दुसऱ्यांना धीर देतेस,
आणि स्वतः एक जिना चढलीस की भिंत धरतेस.
बोगोटाची हवा मुळात विरळ. वर माझी साखर.

तर शनिवारी रात्रपाळी उतरले
आणि न झोपताच सायकलींच्या गल्लीत शिरले.

पहिल्या दुकानातल्या पोरानं
कार्बनची सायकल दोन बोटांवर उचलून दाखवली.
किंमत सांगताना मात्र त्याचा आवाज
सायकलीहून हलका झाला.
मग जाड टायरची, पुढेमागे स्प्रिंगा.
"हिच्यावरून डोंगरातून उडी मारता येते, सेन्योरा."
म्हटलं, बाबा रे, उडी नाही मारायची,
सहाच्या ठोक्याला प्रसूतिगृहात पोचायचंय.
तरी बसून पाहिली. पायडल मारलं
तर निम्मा जोर स्प्रिंगनंच खाल्ला.
असे नवरे मी पुष्कळ पाहिलेत,
कळा बायकोला, आणि कण्हणं यांचं.

गल्लीच्या टोकाला दोन एवेलिओ,
हात कोपरापर्यंत काळे, रेडिओवर कुठली तरी शर्यत.
किती पैसे आणलेस, हे त्यानं विचारलं नाही.
विचारलं, रोज किती किलोमीटर? चढ कुठे लागतो?
पावसात निघतेस का? रात्री सायकल कुठे ठेवणार?
चौथ्या मजल्यावर, म्हटलं. लिफ्ट नाही.
"मग उचलून बघ," म्हणाला,
आणि आतून एक हिरवी काढली.

स्टीलची. रंग जागोजाग उडालेला, गोवरातून उठल्यासारखी.
पुढे एक चक्र, मागे सात गिअर.
मडगार्ड, कॅरिअर, घंटी.
"रंगाचे पैसे कुणाला देऊ नकोस," एवेलिओ म्हणाला,
"चाकांचे दे. ब्रेकचे दे. साखळी मी नवी घालतो."
चाक फिरवलं त्यानं. कितीतरी वेळ ते
न डुगडुगता, न कुरकुरता फिरत राहिलं.
आम्ही दोघं बघत उभे.

मी उचलली. हाताला लगेच कळलं.
चार बाळं आणि एक वार.
"काय?"
तेरा किलो तीनशे, म्हटलं.
तो हसला. बरोबर निघालं तर कुलूप फुकट, म्हणाला,
आणि शेजारच्या बटाटेवाल्याकडून
आकड्याचा काटा मागून आणला.

तेरा सातशे.

माझा हात चुकला?
ह्या हातावर दाई-डॉक्टरांच्या पैजा लागतात.
पुन्हा उचलली. सीटखालची पिशवी चाचपली,
तर आत त्याचाच पाना,
गेल्या महिन्यापासून हरवलेला.
काढला. काटा डुलला, थबकला.
तेरा तीनशे.
बटाटेवाल्यानं टाळी वाजवली.
"पानाही ने," एवेलिओ म्हणाला, "तुलाच लागेल."

पहिला आठवडा मी खुर्चीत तिरकी बसले, हे सांगून टाकते.
आणि जिना! दुसऱ्या मजल्यावरच्या सेन्योरा ओतिलियाचा कुत्रा
अजून हँडलवर भुंकतो.
सगळ्यात वाईट दवाखान्याअलीकडचा चढ,
तिथे छातीत लोहाराचा भाता.
मंगळवारी अर्ध्यात उतरणारच होते,
इतक्यात कुणीतरी म्हणालं,
"लहान श्वास. आणखी लहान. घाई नको गं.
आता… आता जोर."
माझाच आवाज. वॉर्डातला.
इतकी वर्षं बायका तो ऐकून
मला शिव्या का घालतात, ते तेव्हा कळलं.
मीही एक घातली, आणि चढले.

सीट अजून बोटभर खाली आहे.
उद्या पाना काढीन.

आज सिग्नलला माझी जुनी बस अडकलेली.
खिडक्यांवर वाफ, वाफेत ओळखीचे चेहरे,
काचेला कपाळ टेकून झोपलेले.
जाता जाता घंटी वाजवली.
कुणी जागं झालं नाही.
पुन्हा वाजवली.