आधी कोणतं टोक

नागपूर, कळमना यार्ड, रात्रीचा दीड.
नव्या काट्यावर मी एक किलोचं वजन ठेवलं
आणि बोर्डावर लाल आकडे पेटले:
एक कोटी सदुसष्ट लाख
सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा.

गेंदलाल बोपचे वर बघतच राहिला.
"बाप्पा! एवढा संत्रा तं
पुऱ्या काटोलात नाई होत, मॅडम."

काटा खोटं बोलत नव्हता. बोर्डही नाही.
काट्याच्या प्रोसेसरनं चार बाइट पाठवले,
शून्य, शून्य, शून्य, एक,
मोठ्या घरापासून, चेकवर लिहितात तसे.
बोर्डातल्या चिपला शिकवलेलं उलटं:
पहिला येईल तो सगळ्यात लहान.
मग शेवटी आलेल्या त्या एकाला
तिनं नेऊन बसवलं थेट माडीवर.
वायर शाबूत. एकही बिट हरवला नव्हता.

मी समजवायला गेले.
खर्रा घोटत गेंदलाल म्हणाला,
"म्हंजे पंचवीसासारकं.
बोलतानी पाच पहिले, लिवतानी दोन."
मग जरा थांबून,
"आन एकशे पंचवीसात
शंभर समोर, मंग पाच, मंग वीस."

मांडीवर लॅपटॉप तापत होता.
चार वर्षं कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं
की माझ्या जिभेवर दोन्ही टोकं नांदतात
आणि भांडत नाहीत.

मागल्या पोळ्याला आईचा फोन आला होता.
गॅस संपला, करंजीचं सारण सैल झालं,
शेजारच्या पोराच्या लाकडी नंदीचं चाक निघालं,
आणि "ठेवते गं" म्हणताना:
बाबांचा उजवा हात सकाळपासून उचलत नाहीये.
मी तोवर हूं हूं करत कोड तपासत होते.
आधी आलं तेच मोठं, असं धरून.

तिला मी कधी म्हटलं नाही, क्रम बदल.
आता फोन आला की थांबते.
शेवटचा बाइट येईपर्यंत
काहीच वाचत नाही.

एक ओळ बदलली. बोर्ड विझला, पेटला.
१.
बाहेर वरुडचा पहिला ट्रक हॉर्न देत होता.
गेंदलालनं दुपट्ट्यानं काटा पुसला,
आणि खात्रीसाठी, वजनाशेजारी
खिशातलं एक संत्रं ठेवलं.
आकडा हलला नाही.
"याचं काई वजनच नाई का?" म्हणाला,
आणि सोलायला घेतलं.