निदान

वरळी कोळीवाड्यात बर्फाच्या टेम्पोला टेकून
एकवीस वर्षं झाली, हरेश्वर तांडेलचा गुडघा
अजून निकाली निघत नाही.

लिगामेंट तुटलं नसतं तर इंडिया खेळला असता,
चिंतामण म्हणतो.
पोशा थुंकतो: डॉक्टरचं निदान राहू दे,
त्याआधीच निदानरेषेला कचरायचा.
मी कोपरा धरायचो, मला विचार.
मग खांदा निघतो,
मग इंजेक्शन टोचून उतरवणारा बँकेचा मॅनेजर,
मग आई, तिनेच म्हणे नवस फेडला नाही.

हरेश्वर टेम्पोमागेच आहे. बर्फ फोडतोय.
त्याला कुणी विचारत नाही.

लादी डोईवर घेऊन तो पायऱ्या चढतो
तेव्हा मात्र सगळे गप्प:
उजवा पाय आधी.
मग, दम धरून, चवड्यावर,
परक्या अंगणात टाकावा तसा
डावा.