सुटलेलं वाक्य

कोहाडे सरांनी अर्जावर एवढंच लिहिलं होतं:
‘सदर चित्रपट इयत्ता नववीस योग्य आहे काय?’
खाली सही, तारीख, शिक्का.
‘योग्य’खाली दोन रेघा.

मी तो आधी एकट्याने पाहिला, शुक्रवारी रात्री,
लॅपटॉपचा आवाज बारीक करून,
जसा काही मीच नववीत आहे.
कुठल्याशा बर्फाळ देशातली भाषा, एक शब्द ओळखीचा नाही,
खाली इंग्रजी ओळी, पळणाऱ्या.
गोष्ट म्हणाल तर इतकीच:
पंधरा वर्षांच्या पोराला बापाच्या होडीत
एका अनोळखी बाईचा बूट सापडतो. डाव्या पायाचा.
पाठलाग नाही. बंदूक नाही.
अकरा मिनिटं नुसता नळ ठिबकतो
आणि बाप मासे साफ करत राहतो.

मी वहीत यादी केली.
शिव्या: दोन. सांगताना गाळता येतील.
चुंबन: एक, पाठमोरं.
रक्त: माशांचं धरून बरंच.
पहाटेपर्यंत जागा का राहिलो,
ते यादीत कुठेच नव्हतं.

शनिवारी दुपारी वर्गाच्या खिडक्यांना
धानाची रिकामी पोती लावली.
सिंदेवाहीहून आणलेला प्रोजेक्टर
खिचडीच्या उपड्या गंजावर ठेवला.
इंग्रजी इतकं भरभर वाचणार कोण,
म्हणून पडद्याशेजारी उभा राहून
मीच सांगत गेलो, आपल्या बोलीत:
‘कोठी गेलतास रे?’
‘कोठीच नाही, बाबा.’
पोरं खिदळली. बर्फातला तो गोरा बाप
आमच्या बोडीवरच्या माणसासारखा बोलत होता.

सुबोध गेडामचा बाप शववाहिका चालवतो.
तो मध्येच म्हणाला,
‘सर जी, रगत इतला येळ लाल नाही रायत.’
कोणी घाबरलं नाही. मागे कोणीतरी
चिवड्याची पुडी फोडली.

मग ते जेवणाचं टेबल आलं.
पोरगा बूट ठेवतो बापाच्या ताटाशेजारी,
लेस नीट बांधलेली.
बाप पाहतो, खूप वेळ,
आणि एक वाक्य बोलतो.

ते मी गाळलं.
खोकलो. पाणी प्यायलो. पुढच्या ओळीवर गेलो.

‘एक सुटला जी, सर.’
चेतना कुडमेथे. दप्तरात शब्दकोश बाळगणारी,
पानं सुटलेला, रबराने बांधलेला.
‘तू इचारला असतास त मी सांगतलो असतो.
असाच बोलला ना तो?’

मी मान हलवली.
पडद्यावर नळ ठिबकत होता.
चाळीस पोरं अशी गप्प
की प्रत्येकाच्या घरी एकेक होडी असावी,
कोरड्यात ओढून ठेवलेली.

सोमवारी उत्तर द्यायचं आहे.
योग्य, अयोग्य, एकापुढे खूण.
‘आधी बापांना दाखवावा’
असं लिहायला कागदावर जागा नाही.
असती तरी लिहिलं असतं का, कोण जाणे.

सगळं आवरेपर्यंत अंधारलं.
माझी लेक, तीही नववीत,
सायकल हातात धरून सोबत चालत होती.
बोडीच्या पाळीवर दोघंही बोललो नाही.
हातपंपाच्या वळणाशी ती थांबली,
वाकून चेन पाहत राहिली,
चेन उतरलेली नव्हती.
‘बाबा,’ म्हणाली, ‘एक इचारू?’

टॉर्च माझ्या हातात होता.
मी तो उगाच बंद केला,
मग परत लावला.